जुन्या शिडाच्या बोटीवरचा फ्रिज बदलताना: आधी पेटी, मग यंत्र

जुनी शिडाची बोट घेतली की तिच्यासोबत बहुधा जुना फ्रिजही पदरात पडतो. गॅलीच्या (बोटीवरच्या स्वयंपाकघराच्या) ओट्यात बसवलेली खोल पेटी, वरून उघडणारं झाकण, आत पातळ पत्र्याचा इव्हॅपोरेटर (पेटीतली उष्णता शोषणारा गार भाग) किंवा स्टीलची जाड प्लेट, आणि एखाद्या बाकाखाली घरघरणारा कॉम्प्रेसर. तो दिवसरात्र चालतो, बॅटरी रिकामी करतो आणि तरी दूध नासतं. मग नवा मालक सर्वांत मोठा कॉम्प्रेसर शोधायला लागतो.

तिथेच थांबा. बोटीवरच्या फ्रिजचं दुखणं बहुतेक वेळा पेटीत असतं, यंत्रात नाही. भिंतींमधला फोम भिजलेला असेल, झाकणाचं रबर मेलेलं असेल, तर कितीही मोठं यंत्र आणा, ते फक्त जास्त वीज खाईल. म्हणून या कामाचा क्रम ठरलेला ठेवा: आधी पेटी मोजायची, मग पेटी सुधारायची, मग विजेचा हिशेब करायचा, आणि यंत्र सगळ्यात शेवटी घ्यायचं.

आपल्याकडे काय आहे ते ओळखा

जुन्या बोटींवर साधारण दोन प्रकारच्या यंत्रणा सापडतात. एक म्हणजे इंजिनच्या पट्ट्यावर चालणारा मोठा कॉम्प्रेसर आणि पेटीत होल्डिंग प्लेट. या प्लेटमध्ये क्षारांचं द्रावण भरलेलं असतं. इंजिन चालू असताना ते गोठतं आणि पुढचे कित्येक तास हळूहळू वितळत पेटी थंड ठेवतं. इंजिन रोज चालवायची तयारी असेल तर ही पद्धत वाईट नाही, पण निव्वळ फ्रिजसाठी रोज तासभर डिझेल जाळणं आज कुणालाच परवडण्यासारखं नाही.

दुसरा प्रकार १२ किंवा २४ व्होल्टवर चालणाऱ्या छोट्या बंदिस्त कॉम्प्रेसरचा. यातले बहुतेक डॅनफॉसचे बीडी३५ किंवा बीडी५० निघतात. बाहेरच्या डब्यावर नाव कुठल्याही कंपनीचं असो, आतला काळा गोळा बहुधा हाच असतो. डॅनफॉसचा हा विभाग २०१० मध्ये वेगळा होऊन सेकॉप झाला, त्यामुळे नव्या कॉम्प्रेसरवर ते नाव दिसेल.

लेबलवर गॅस कुठला लिहिलाय ते नक्की पाहा. 'आर-१२' असेल तर त्या यंत्रावर पैसे घालू नका. ओझोनचा थर वाचवण्यासाठी १९८७ मध्ये मॉन्ट्रियल करार झाला आणि त्यानुसार विकसित देशांत १९९६ पासून, तर विकसनशील देशांत २०१० पर्यंत या गॅसचं उत्पादन थांबलं. 'त्यातच आर-१३४ए (आर-१२च्या जागी आलेला गॅस) भरून देतो' असं कुणी म्हटलं तर नकार द्या. आर-१२च्या यंत्रात खनिज तेल असतं. ते आर-१३४एमध्ये नीट मिसळत नाही, त्यामुळे गॅसबरोबर फिरून कॉम्प्रेसरकडे परत येत नाही, आणि तेलाविना कॉम्प्रेसर फार दिवस तग धरत नाही. आर-१३४एला पॉलिएस्टर जातीचं तेल लागतं.

जुनं यंत्र काढताना नळी कापून गॅस हवेत सोडायचा नाही. गॅस काढून घेण्याचं यंत्र ज्याच्याकडे आहे अशा परवानाधारक मेकॅनिकला बोलवा. सगळ्या कामात एवढा भाग दुसऱ्याकडून करून घ्यावा असं मी आग्रहाने सांगेन.

बर्फाची चाचणी

आता पेटी मोजूया. याला लागतात फक्त बर्फ, एक भांडं, एक वजनकाटा आणि एक दिवस.

यंत्र बंद करा. आदल्या रात्री पेटीत बर्फ टाकून भिंती गार होऊ द्या. सकाळी साचलेलं सगळं पाणी काढून टाका, भरपूर बर्फ भरा आणि झाकण लावून चोवीस तास हात लावू नका. बर्फ थेट डीप फ्रीझरमधून काढलेला नको, पृष्ठभाग ओला झालेला हवा, म्हणजे तो शून्य अंशावर आहे याची खात्री. चोवीस तासांनी वितळलेलं पाणी काढून त्याचं वजन करा. बर्फ तेव्हाही शिल्लक असला पाहिजे, नाहीतर चाचणी फुकट. बाहेरचं तापमानही दिवसातून तीन-चारदा लिहून ठेवा.

एक किलो बर्फ वितळायला साधारण ९३ वॉट-तास उष्णता लागते. समजा सात किलो पाणी निघालं. म्हणजे दिवसभरात पेटीत सुमारे ६५० वॉट-तास उष्णता शिरली, सरासरी २७ वॉट. हा आकडा मिळाला की अंदाजाचा खेळ संपतो. पेटी बरी की वाईट हे आता मतावर अवलंबून राहत नाही.

हा आकडा असायला किती हवा? आतून ६० × ५० × ५० सेंटिमीटरची, म्हणजे दीडशे लिटरची पेटी घ्या. आतल्या सहा बाजूंचं क्षेत्रफळ १.७ चौरस मीटर. भिंतीत पाच सेंटिमीटर चांगला, कोरडा फोम असेल आणि आत-बाहेर २६ अंशांचा फरक असेल, तर सुमारे २६ वॉट उष्णता आत येते. फोम दहा सेंटिमीटर केला की हे निम्म्यावर, तेरा वॉटवर येतं. तुमच्या मोजणीचा आकडा या हिशेबापेक्षा खूप मोठा निघाला तर फोम भिजलाय, पातळ आहे, किंवा कुठून तरी हवा गळतेय.

पेटी दुरुस्त करणे

वेळ सर्वांत जास्त इथे जाईल, आणि जाऊ द्या.

फोम ओला आहे का हे पाहायला बाहेरच्या बाजूने, जिथे लॉकरमधून हात पोचतो तिथे, पेटीच्या अगदी खालच्या कोपऱ्याजवळ दहा-बारा मिलिमीटरचं भोक पाडा. ड्रिल आतल्या अस्तरापर्यंत जाऊ देऊ नका. भुसा कोरडा आणि फिका आला तर नशीब चांगलं. चिकट, तपकिरी, वासाचा आला किंवा पाणीच टपकलं, तर तो फोम गेला. हवेतली वाफ नेहमी गरम बाजूकडून थंड बाजूकडे सरकते आणि फोममध्ये पाणी होऊन बसते. वर्षानुवर्षं हे चालू राहिलं की फोम पाण्याने जड होतो, आणि पाणी हवेच्या वीसपटींहून जास्त उष्णता वाहून नेतं. पंखा लावून तो सुकवण्याचे प्रयत्न लोक करतात, पण बंद भिंतीत तो सुकत नाही. काढावाच लागतो.

काढायचे मार्ग दोन. ओटा उचलता येत असेल तर वरून सगळी पेटी उघडी करा, जुना फोम खरवडून काढा आणि नव्याने बांधा. हा उत्तम मार्ग. ओटा निघत नसेल तर जुन्या पेटीच्या आत दुसरी पेटी बांधा: चारी बाजूंना आणि तळाला फोमच्या फळ्या लावून त्यावर नवं अस्तर. जागा कमी होते, पण जुन्या बोटींच्या पेट्या बहुधा गरजेपेक्षा मोठ्याच असतात. दोनशे लिटरच्या गळक्या पेटीपेक्षा शंभर लिटरची घट्ट पेटी कितीतरी उपयोगी. मात्र आतून बांधताना मागचा ओला फोम तसाच राहणार असेल तर त्याला खालून निचऱ्याची वाट करून द्या.

फोम बंद पेशींचाच, म्हणजे आतल्या बारीक पोकळ्या एकमेकींना न जोडलेला हवा. एक्सपीएसच्या (दाबून घट्ट केलेल्या पॉलिस्टायरिनच्या) फळ्या स्वस्त आणि पाण्याला दाद न देणाऱ्या, पॉलियुरेथेन किंवा पॉलिआयसोच्या फळ्या त्याच जाडीत जास्त उष्णता अडवणाऱ्या पण ओलीला जपाव्या लागणाऱ्या. व्हॅक्यूम पॅनेल (आतली हवा काढून सीलबंद केलेली फळी) त्याहून कित्येक पटींनी सरस असतं, परंतु ते कापता येत नाही आणि एक स्क्रू घुसला की त्याची करामत संपली. नवख्याने फळ्याच घ्याव्यात. एका जाड फळीऐवजी दोन-तीन पातळ थर लावा आणि सांधे एकावर एक येऊ देऊ नका. भिंतींना दहा सेंटिमीटर हे किमान धरा. आत फ्रीझर करायचा असेल तर पंधरा. तळाकडे आणि हलकडच्या (बोटीच्या बाहेरच्या कवचाकडच्या) बाजूला जमेल तेवढा जास्त.

एक्सपीएसवर पॉलिएस्टर रेझिन कधीही लावू नका. त्यातल्या स्टायरिनने फोम डोळ्यांदेखत विरघळतो. इपॉक्सी वापरा. पोकळीत ओतायचा दोन घटकांचा फोम वापरत असाल तर थोडा थोडा ओता, प्रत्येक थर फुगून थंड होऊ द्या आणि आतून पेटीला लाकडी टेकू लावा. एकदम ओतला तर फुगण्याच्या जोराने अस्तर आत वाकतं. त्याच्या वाफा फुप्फुसांना घातक असतात, तेव्हा योग्य फिल्टरचा मास्क आणि उघड्या खिडक्या याला पर्याय नाही. दुकानात मिळणारा स्प्रे-डब्यातला फोम मोठ्या पोकळीत भरू नका. त्याला घट्ट व्हायला हवेतली ओल लागते, खोल आत तो ओलाच राहतो. बारीक फटी बुजवायला मात्र तो ठीक.

फोमच्या बाहेरच्या, म्हणजे गरम बाजूला वाफेला अडवणारा थर हवाच: फॉईल आणि फॉईल टेप, किंवा इपॉक्सीचे दोन हात. हे राहून गेलं तर काही वर्षांनी पुन्हा ड्रिल हातात घ्यावं लागेल.

झाकण. भिंतीत दहा सेंटिमीटर आणि झाकणात दोन, असं जुन्या बोटींवर सर्रास दिसतं. झाकणही भिंतीइतकंच जाड करा, पायरीपायरीने निमुळतं, आणि दोन पातळ्यांवर रबर गॅस्केट लावा. कागदाची पट्टी झाकणात धरून ओढा. चारी बाजूंना ती अडकली पाहिजे. तळातलं निचऱ्याचं भोक उघडं असेल तर जड थंड हवा सरळ तिथून खाली वाहून जाते. बूच लावा, नाहीतर नळीला यू-आकाराचा वळसा देऊन त्यात पाणी राहू द्या. हे भोक थेट बिल्जमध्ये (बोटीच्या तळाच्या पोकळीत) सोडलेलं असेल तर तेही बदला. दुधाचं पाणी बिल्जमध्ये गेलं की तो वास बोटभर फिरतो.

नवख्यांना एक गोष्ट सहसा खरी वाटत नाही: वरून उघडणाऱ्या पेटीचं झाकण उघडल्याने फारसं नुकसान होत नाही. दीडशे लिटर दमट गरम हवा पूर्ण आत आली तरी ती थंड करायला तीन-चार वॉट-तास पुरतात. याउलट ३० अंशांवरचं पाच लिटर पाणी चार अंशांवर आणायला दीडशे वॉट-तास उष्णता काढावी लागते. म्हणजे चाळीसेक वेळा पेटीतली सगळी हवा बदलण्याइतकी. झाकण उघडणाऱ्यावर ओरडण्यापेक्षा गरम बाटल्या एकदम भरू नका, आणि शक्यतो इंजिन किंवा सूर्य वीज देत असतानाच भरा.

विजेचा हिशेब

छोटे डीसी कॉम्प्रेसर एक वॉट-तास विजेत साधारण सव्वा ते दीड वॉट-तास उष्णता बाहेर काढतात. मधला १.३ हा आकडा धरू. सुधारलेल्या पेटीत दिवसाला ३२० वॉट-तास भिंतींतून येणार, दीडशे नव्या सामानातून. एकूण ४७०. त्याला १.३ने भागलं की ३६० वॉट-तास, म्हणजे १२ व्होल्टला ३० अँपिअर-तास. पेटीला हात न लावता, पाच सेंटिमीटर फोमवरच तुम्ही नवं यंत्र बसवलं असतं तर हाच हिशेब पन्नासवर गेला असता, आणि फोम भिजलेला असेल तर त्याच्याही वर.

लेड-अ‍ॅसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवायची नाही, म्हणून दोन ढगाळ दिवस काढायचे तर ६० अँपिअर-तासांसाठी १२०ची बॅटरी, तीही फक्त फ्रिजसाठी. शंभर वॉटचं सोलर पॅनेल चांगल्या उन्हात दिवसाला साधारण ३०० वॉट-तास देतं. पण मास्ट (डोलकाठी), बूम (शिडाखालचा आडवा दांडा) आणि दोरांची सावली पॅनेलवर पडली की हा आकडा झपाट्याने घसरतो. पॅनेल कुठे बसणार हे आत्ताच ठरवा.

यंत्र निवडणे

पेटी नीट झाली असेल तर दीडशे लिटरपर्यंतच्या फ्रिजला बीडी३५ पुरतो. मोठी पेटी किंवा फ्रीझर असेल तर बीडी५०. फ्रीझर उणे १८ अंशांवर ठेवायचा म्हणजे आत-बाहेरचा फरक २६ ऐवजी ४८ अंश होतो, वीज त्या प्रमाणात वाढते आणि कॉम्प्रेसरची कार्यक्षमताही उतरते. पहिल्या वेळी फ्रीझरच्या मागे लागू नका असं माझं मत आहे. इव्हॅपोरेटरला टेकून बर्फाचा एक डबा आणि थोडं गोठलेलं सामान राहतं, तेवढं पुरे.

छोट्या कॉम्प्रेसरला होल्डिंग प्लेट जोडण्यापेक्षा पातळ इव्हॅपोरेटर घ्या. प्लेट गोठवायला थोड्या वेळात खूप ताकद लागते, ती या कॉम्प्रेसरकडे नाही.

उष्णता बाहेर टाकायचे मार्ग तीन: पंख्याने हवेत, पंपाने खेचलेल्या समुद्राच्या पाण्यात, किंवा हलला बाहेरून लावलेल्या ब्राँझच्या कील-कूलरमधून. पंप म्हणजे गाळणी, नळ्या, शेवाळ आणि आणखी एक खपणारी वस्तू. त्याच्या वाटेला जाऊ नका. कील-कूलर शांत आणि उत्तम, विशेषतः गरम हवेच्या ठिकाणी, पण त्यासाठी बोट पाण्याबाहेर काढून हलमध्ये भोक पाडावं लागतं. पहिल्या कामाला हवेवरचं यंत्र योग्य.

कॉम्प्रेसर आणि इव्हॅपोरेटर आधीच गॅस भरलेले, झटपट जोडणीच्या कपलिंगचे घ्या. व्हॅक्यूम पंप आणि गेजची गरजच उरत नाही. नव्या यंत्रांत आर-६००ए असेल तर लक्षात घ्या, तो जळणारा गॅस आहे, हवेपेक्षा जड आहे, आणि गळला तर बिल्जमध्ये साचतो. तिथे ठिणगी पाडणारं काही नको.

बसवणे

कॉम्प्रेसर थंड, कोरड्या जागी हवा. इंजिनाच्या खोलीत कधीच नाही. बंद लॉकरमध्ये बसवत असाल तर खालून गार हवा आत आणि वरून गरम हवा बाहेर, अशी दोन मोठी भोकं पाडा. ती नसतील तर पंखा तीच गरम हवा पुन्हा पुन्हा घुसळतो आणि यंत्र थांबायचं नाव घेत नाही. हा कॉम्प्रेसर सतत ३० अंशांपर्यंत कललेला असला तरी चालतो, तेव्हा शिडावर बोट कलली म्हणून बंद करायची गरज नाही. पाया मात्र आडवा आणि घट्ट ठेवा.

इव्हॅपोरेटर पेटीत वरच्या बाजूला लावा, कारण थंड हवा खाली उतरते. भिंतीपासून एक-दोन सेंटिमीटर सुटा ठेवा. तांब्याची नळी मोठ्या गोलाईत हळूहळू वाकवा. एकदा चेपली की ती नळी बाद. जास्तीची नळी कापू नका, आडव्या वेटोळ्यात गुंडाळून बांधा. नळी भिंतीतून जाते ते भोक पुट्टीने पक्कं बुजवा, नाहीतर तिथूनच ओल फोममध्ये शिरते.

कपलिंग जोडताना दोन पाने घ्या. टोकं स्वच्छ पुसा, किटबरोबर दिलेलं तेल असेल तर थेंबभर लावा, आधी हाताने पूर्ण आटे बसवा. मग एक पाना स्थिर धरून दुसऱ्याने न थांबता आवळा. नळी स्वतः पिळली जाता कामा नये. शेवटी साबणाचं पाणी लावून बुडबुडे पाहा.

वायर

नवं यंत्र 'खराब निघालं' म्हणून परत जातं, त्यामागे बहुतेक वेळा वायर असते. कंट्रोलर (कॉम्प्रेसरवरचा इलेक्ट्रॉनिक डबा) साधारण १०.४ व्होल्टला कॉम्प्रेसर बंद करतो आणि ११.७ला पुन्हा चालू करतो. बॅटरी १२.२ दाखवत असली तरी बारीक वायर, गंजलेला फ्यूज आणि सैल लग (वायरीच्या टोकाचं धातूचं टोपण) यांच्यात दीड-दोन व्होल्ट सहज हरवतो, आणि कॉम्प्रेसर सुरू होताहोता थांबतो.

बॅटरीपासून कॉम्प्रेसर सहा मीटर लांब असेल तर जाऊन-येऊन बारा मीटर वायर. २.५ चौरस मिलिमीटरच्या वायरमध्ये ५ अँपिअरला सुमारे ०.४ व्होल्ट पडतो. ६ चौरस मिलिमीटरमध्ये तोच ०.१७ वर येतो. १२ व्होल्टला ढोबळ नियम असा: एकेरी अंतर जितके मीटर, तितके चौरस मिलिमीटर. कलई केलेली बोटीची वायर घ्या, लग नीट क्रिंप करा आणि त्यावर गोंद असलेली हीटश्रिंक नळी चढवा. १५ अँपिअरचा फ्यूज बॅटरीजवळ लावा. ही वायर फक्त फ्रिजची. तिच्यावर दिवा नाही, पंप नाही. धन-ऋण दोनदा तपासून मगच जोडा, आणि कॉम्प्रेसरच्या तीन पिनांवर थेट १२ व्होल्ट कधीही देऊ नका. आत तीन फेजची मोटर आहे, ती कंट्रोलरशिवाय चालत नाही.

कंट्रोलरला एक छोटा एलईडी जोडायची सोय असते. तो अवश्य जोडा. बिघाड झाला की तो ठरावीक वेळा लुकलुकतो: एकदा म्हणजे व्होल्टेज कमी, दोनदा म्हणजे पंख्यावर जास्त भार, तीनदा म्हणजे मोटर सुरू होत नाही, चारदा म्हणजे वेग टिकत नाही, पाचदा म्हणजे कंट्रोलर तापला. एकदा लुकलुकला तर मेकॅनिकला नव्हे, मल्टिमीटरला बोलवा: कॉम्प्रेसर चालू होताना बॅटरीवर आणि कंट्रोलरवर व्होल्टेज मोजा. दोन्हींत जितका फरक, तितकं व्होल्टेज मधल्या वायरीत हरवतंय.

कॉम्प्रेसरचा वेग मिनिटाला २००० ते ३५०० फेऱ्यांमध्ये, थर्मोस्टॅटच्या वायरीत लावलेल्या रेझिस्टरने ठरतो. रेझिस्टर नसेल तर २०००. सुरुवात तिथूनच करा. हळू आणि जास्त वेळ चालणं हे जोरात आणि थोडा वेळ चालण्यापेक्षा काटकसरीचं असतं. पेटी थंडच होत नसेल तर मग वेग वाढवा.

चालवून पाहणे

पहिला दिवस पेटी रिकामी चालवा. इव्हॅपोरेटरवर अर्ध्या तासात सगळीकडे सारखं दव गोठलं पाहिजे. अर्ध्याच भागावर गोठत असेल तर गॅस कमी आहे, म्हणजे गळती आहे. बर्फ परतीच्या नळीवरून पेटीबाहेर कॉम्प्रेसरकडे सरकत असेल तर गॅस जास्त. या यंत्रांत गॅस फार थोडा असतो, त्यामुळे अंदाजाने 'थोडा टाकून' बघणाऱ्याला हात लावू देऊ नका.

दुसऱ्या दिवशी पाण्याच्या बाटल्या भरा. पेटीच्या मध्यावर थर्मामीटर ठेवून थर्मोस्टॅट असा लावा की तो चार अंशांच्या आसपास राहील. मग चोवीस तासांत कॉम्प्रेसर किती वेळ चालला आणि बॅटरी मॉनिटरवर किती अँपिअर-तास गेले ते लिहा. निम्म्या वेळेपेक्षा कमी चालत असेल तर उत्तम. दोन-तृतीयांशच्या वर गेला तर आधी झाकणाचं रबर, मग लॉकरमधली हवा, मग व्होल्टेज, याच क्रमाने तपासा.

महिन्याभराने सगळे लग पुन्हा आवळा आणि कंडेन्सरवरची (उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीवरची) धूळ मऊ ब्रशने काढा. इव्हॅपोरेटरवर पाच-सहा मिलिमीटर बर्फ चढला की यंत्र बंद करून वितळू द्या. सुरी किंवा स्क्रूड्रायव्हरने खरवडू नका. तो पत्रा पातळ अ‍ॅल्युमिनियमचा असतो आणि एका ओरखड्यात सगळा गॅस जातो. बोट बंद करून जाताना पेटी कोरडी पुसा, बूच काढून ठेवा आणि झाकणाखाली लाकडाचा तुकडा सरकवा, म्हणजे आत बुरशी धरणार नाही.